लष्करी रायफलींच्या व्यापारी प्रतिकृती : मूल्यनिर्धारण

सैन्याने वापरून बाजूला काढलेल्या रायफलीच्या धर्तीवर खासगी कारखान्यांनी नागरी बाजारासाठी बनवलेल्या रायफलींची किंमत ठरवण्याची रीत. हा विषय प्रामुख्याने अमेरिकेतला. कारण अशा सरप्लस, म्हणजे सैन्याला नकोशा झालेल्या, रायफली एवढ्या मोठ्या प्रमाणावर नागरिकांच्या हाती तिथेच गेल्या. प्रतिकृतीची किंमत म्हणजे ‘मूळ रायफलीच्या निम्मी’ किंवा ‘पाव’ असा ठोकताळा पुष्कळ जण लावतात आणि बहुतेक वेळा फसतात. मूळ रायफलीला भाव येतो तो तिच्या इतिहासामुळे. प्रतिकृतीजवळ तो इतिहास नसतो. तिची किंमत ठरते ती घडण, सुटे भाग आणि नेमबाजीतली कामगिरी यांवर.

प्रतिकृती मुळात का निघाली, हे आधी पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे 61 लाख एम-1 कार्बाइन (आखूड, हलक्या रायफली) बनवल्या. त्या बनवणाऱ्यांत विंचेस्टरसारखे मुरलेले बंदूकवाले होते, तसेच आयबीएम आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला हेही होते. 1963 च्या सुमारास सरकारने नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना ही कार्बाइन सुमारे 20 डॉलरला दिली. सुट्या भागांचे ढीग मात्र सरप्लसच्या व्यापाऱ्यांकडे होते. युनिव्हर्सल, प्लेनफील्ड यांसारख्या कंपन्यांनी फक्त रिसीव्हर (बाकीचे भाग ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा) नवा केला आणि बाकी पुष्कळसे लष्करी भाग जोडून कार्बाइन विकल्या. एम-14 या नंतरच्या लष्करी रायफलीची गोष्ट उलटी आहे. तिला स्वयंचलित माऱ्याची सोय असल्याने अमेरिकी कायद्याच्या लेखी ती मशीनगन ठरते आणि एकदा मशीनगन ठरलेला रिसीव्हर कायम मशीनगनच राहतो. त्यामुळे मूळ एम-14 नागरिकाला सरप्लस म्हणून मिळालीच नाही. तिच्या घाटाची अर्धस्वयंचलित एम-1-ए 1970 च्या दशकात विकली जाऊ लागली. इथे प्रतिकृतीला स्पर्धा मूळ रायफलीची नाही, दुसऱ्या प्रतिकृतीची आहे. म्हणून तिचा भाव स्वतंत्रपणे टिकून राहतो.

किंमत ठरवताना पहिली नजर रिसीव्हरवर जाते. नळी, बोल्ट (काडतूस नळीत कोंडणारा सरकता भाग), दस्ता बदलता येतात. रिसीव्हर बदलला तर कायद्याने रायफलच दुसरी होते, कारण अनुक्रमांक त्याच्यावर असतो. लष्करी रिसीव्हर सहसा घडीव पोलादातून कापून काढलेले असत. व्यापारी रिसीव्हर बरेचदा ओतीव असतात, कारण ओतकामात यंत्रावरची कापाई वाचते. ओतीव म्हणजे टाकाऊ, हा समज मात्र चुकीचा. एम-1-ए चे ओतीव रिसीव्हर वर्षानुवर्षे स्पर्धांत वापरले गेले आहेत. खरा फरक मापांच्या नेमकेपणात आणि उष्णोपचारात (पोलाद तापवून-निववून कणखर करण्यात) पडतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाजार कारखान्याच्या नावावर आणि त्यातही निर्मितीच्या काळावर भरवसा ठेवतो.

काळाचे महत्त्व सुट्या भागांमुळे आहे. सुरुवातीच्या एम-1-ए मध्ये लष्करी साठ्यातले बोल्ट, चाप-संच आणि नळ्या सापडतात. बोल्टवर ‘टीआरडब्ल्यू’ अशी बारीक अक्षरे दिसली की जाणकार थबकतो, कारण टीआरडब्ल्यू ही एम-14 पुरवणाऱ्या चार कारखान्यांपैकी एक. साठा संपत गेला तसे हे भागही व्यापारी बनावटीचे झाले. त्यामुळे जुनी रायफल नव्या कोऱ्या रायफलीपेक्षा महाग, असा उलटा प्रकार इथे चालतो. कार्बाइनमध्ये तर कधीकधी सगळे भाग सुटे विकले तर अख्ख्या रायफलीपेक्षा जास्त पैसे येतात. व्यापारी रिसीव्हरवर एखाद्या चांगल्या लष्करी नळीचे आयुष्य सरत असेल, तर विकत घेणारा बहुधा ती नळी काढायलाच आलेला असतो. नंतरच्या युनिव्हर्सल कार्बाइनमध्ये आतली रचनाच बदलली: एका रिकॉइल स्प्रिंगऐवजी दोन आल्या, स्लाइड वेगळी झाली. तिला लष्करी भाग बसत नाहीत. मोडलेला भाग मिळणार कुठून, या एका प्रश्नाने तिचा भाव उतरतो.

नावांचा सापळा वेगळाच. मॅसॅच्युसेट्समधले सरकारी स्प्रिंगफील्ड शस्त्रागार 1794 मध्ये स्थापन झाले, ते 1968 मध्ये बंद झाले. एम-1-ए विकणारी इलिनॉयमधली खासगी कंपनी त्याच नावाने चालते, पण त्या शस्त्रागाराशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. तिने काढलेल्या एम-1 गॅरंडवरही (दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या रायफलीची प्रतिकृती) ‘स्प्रिंगफील्ड’ असेच कोरलेले असते. अनुक्रमांक सत्तर लाखांच्या पुढचा असेल तर ती लष्करी नव्हे, हे तेवढ्यावर कळते. इनलँडचेही तसेच. युद्धकाळात हा कार्बाइन बनवणारा जनरल मोटर्सचा विभाग होता. पुढे त्या नावाने कार्बाइन विकणारी कंपनी निराळी.

अस्सल आणि नकली यांच्या मधल्या रायफली सर्वांत अवघड. ब्रिटनची नंबर 5 ‘जंगल कार्बाइन’ 1944 ते 1947 या काळात जेमतेम अडीच लाख बनली. पण तिचा आखूड, भडकत्या तोंडाचा घाट इतका आवडला की व्यापाऱ्यांनी साध्या ली-एनफील्ड कापून आणि पुढे नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर (गोळीमागची ज्वाळा झाकणारा भाग) बसवून तिच्यासारख्या केल्या. भारतातल्या इशापूर कारखान्याच्या 2-ए-1 रायफलींवरही ही कात्री चालली. ओळख पटवायची तर दस्ता उतरवावा: खऱ्या नंबर 5 मध्ये वजन घटवण्यासाठी नळीच्या बुडाशी आणि रिसीव्हरवर पोलाद खरवडून काढलेले असते, बोल्टच्या मुठीचा गोळाही आतून पोकळ केलेला असतो. कापून केलेल्या रायफलीत हे काहीच नसते. अशी रायफल संग्राहकाच्या दृष्टीने मोडीत निघालेली, आणि जी मूळ एनफील्ड कापली गेली तिचेही नुकसान झालेले.

‘री-वेल्ड’ हा त्याहून धोक्याचा प्रकार. सरकारने निकामी करण्यासाठी कापलेल्या गॅरंडच्या रिसीव्हरचे दोन तुकडे वितळजोड करून पुन्हा रायफल उभी केली जाई. अंगावर शिक्के लष्करी, पण पोलादाचा उष्णोपचार जोडाच्या जागी बिघडलेला. जोडाची पुसट रेघ किंवा पृष्ठभागाच्या रंगातला फरक दिसला, तर तिला नेमबाजीची रायफल म्हणून किंमत देऊ नये.

नेमबाजाला इतिहासापेक्षा मोजमाप लागते. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि नळीत काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने, म्हणजे मापकांनी, तपासतात, नळीच्या तोंडाची आणि घशाची (गोळी नळीत शिरते त्या जागेची) झीज वेगळ्या गेजने. या कसोटीवर चांगली प्रतिकृती जुन्या अस्सल रायफलीला मागे टाकू शकते. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या 1903 च्या रायफलीत 8,00,000 खालच्या अनुक्रमांकांचे काही रिसीव्हर ठिसूळ निघाल्याचे प्रसिद्ध आहे. अस्सल असूनही त्या रायफली झाडू नयेत, असाच सल्ला दिला जातो.

अमेरिकी संघीय नियमांत 50 वर्षांहून जुन्या बंदुकांना ‘दुर्मीळ वस्तू’चा दर्जा मिळतो, त्यांच्या प्रतिकृतींना मिळत नाही. वय वस्तूचे मोजतात, आराखड्याचे नव्हे. 1960 च्या दशकातल्या व्यापारी कार्बाइनची पन्नाशी आता स्वतःच उलटली आहे आणि ज्यांना पूर्वी ‘नकली’ म्हणून कुणी हात लावत नसे, त्यांतल्या लष्करी भागांच्या पहिल्या खेपा आता संग्राहक मुद्दाम शोधतात.