गुडघा बदलताना तीन अंशांचा हिशेब

‘गुडघा बदलला’ असं आपण म्हणतो, पण अख्खा सांधा काही काढत नाहीत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा साधारण 9 मिलिमीटर आणि नडगीच्या माथ्याचा 8 ते 10 मिलिमीटर थर करवतीने उतरवतात, त्यावर धातूचे भाग बहुधा सिमेंटने बसवतात आणि मध्ये पॉलिइथिलीनची चकती सरकवतात. खरी कसोटी करवतीच्या कोनाची. खुबा, गुडघा आणि घोटा यांची केंद्रं एका रेषेत यावीत, फरक पडलाच तर तो 3 अंशांच्या आत असावा, हा रूढ निकष. नडगी 35 सेंटीमीटर लांब धरली, तर कापणीतली 3 अंशांची चूक घोट्याला सुमारे 18 मिलिमीटर बाजूला नेते.

नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या टोकाला भोक पाडून पोकळीत लांब सळई घालतात आणि तिच्यापासून 5 ते 7 अंश कलता कापणीचा साचा बसवतात. पोकळीची दिशा आणि खुब्यापासून गुडघ्यापर्यंतची रेषा यांत साधारण तेवढाच कोन असतो. घात होतो तो या ‘साधारण’मुळे. आपल्याकडे पाय धनुष्यासारखे झालेले रुग्ण पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेकांचं मांडीचं हाडही बाहेरच्या बाजूला वाकलेलं असतं. तिथे हा कोन बराच वाढतो आणि साचा तर नेहमीचाच कोन धरून बसतो. जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलेलं असेल किंवा हाडात आधीच रॉड असेल, तर सळई आत जातच नाही.

अशा पायांसाठी संगणकाची मदत खरोखर मोलाची. 1997 साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे नेव्हिगेशन, म्हणजे हाडांच्या जागा आणि कोन संगणकाने मोजून दाखवणारं यंत्र, वापरून पहिला गुडघा बसवला गेला. यंत्र स्वतः काहीच कापत नाही, ते फक्त मोजतं. मांडी आणि नडगी या दोन्ही हाडांत पिना रोवून त्यांवर परावर्तक गोळे लावतात. इन्फ्रारेड कॅमेरा त्यांच्या जागा टिपत राहतो. मग सर्जन मांडी गोल फिरवतो, त्यावरून संगणक खुब्याचं केंद्र काढतो. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या खुणा टोकदार पॉइंटरने दाखवाव्या लागतात. सळईची गरजच उरत नाही.

पण दाखवाल तेवढंच यंत्राला कळतं. घोट्याची खूण 6 मिलिमीटर चुकली तर फरक एका अंशाचा, कारण अंतर लांब आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला दोन्ही बाजूंना जे उंचवटे असतात, त्यांच्यातलं अंतर मात्र जेमतेम साडेसात-आठ सेंटीमीटर. तिथे खूण 4 मिलिमीटर चुकली की धातूचा भाग जवळपास 3 अंश फिरलाच. आणि हे उंचवटे म्हणजे मऊ आवरणाखालचे बोथट फुगवटे. नेमका मध्य कुठला, यावर दोन सर्जनांचं बोट दोन ठिकाणी पडू शकतं. मांडी फिरवताना कमरेचं हाड हललं तर खुब्याचं केंद्रही चुकतं. गोळ्यावर रक्त उडालं किंवा कॅमेऱ्याच्या आड कुणी आलं तर आकडे गायब होतात. हा त्रास परवडला, निदान कळतो तरी. पिन सैल झाली तर पडद्यावर आकडे दिसत राहतात, चुकीचे.

माझ्या मते सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा कापून झाल्यावरचा आहे. धनुष्याकृती पायात नडगीची आतली बाजू घासून दगडासारखी कडक झालेली असते. करवतीचं पातं तिथे उचललं जातं आणि साचा अचूक बसवूनही काप तिरका येतो. तसेच परावर्तक गोळे लावलेली चपटी पट्टी कापावर ठेवली की हा तिरकेपणा लगेच दिसतो, सिमेंट कालवण्यापूर्वी.

रुग्णाला किती फरक पडतो? दक्षिण कोरियात 520 जणांच्या एका गुडघ्याला नेव्हिगेशन आणि दुसऱ्याला नेहमीची पद्धत वापरली, सरासरी 10.8 वर्षांनी दोन्ही गुडघ्यांच्या कामात म्हणावा असा फरक नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत मात्र 65 वर्षांखालच्यांत 9 वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण नेव्हिगेशनने 6.3 टक्के, त्याविना 7.8 टक्के होतं. सरळ हाडाच्या पायात, सरावलेल्या हातात, जुनी पद्धत पुरेशी आहे असंच म्हणावं लागेल. म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे आधी बघावा.

नेव्हिगेशनला थोडा जास्त वेळ लागतो आणि पिनांची भोकं मागे राहतात. हाडं ठिसूळ असतील तर क्वचित त्या भोकातूनच फ्रॅक्चर होतं, कधी काही आठवड्यांनी. चालायला लागल्यावर गुडघ्याऐवजी पिनेच्या जागीच दुखू लागलं, तर व्यायाम थांबवून तिथला एक्स-रे काढून घ्यावा.