मद्यपान आणि लैंगिक आक्रमकता

मद्यपान आणि लैंगिक आक्रमकता यांचा संबंध मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांत अभ्यासला जातो. लैंगिक आक्रमकतेत बळजबरी येते, तशीच धमकी, सततचा दबाव आणि शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणेही येते. अमेरिकेतील पाहण्यांत अशा सुमारे निम्म्या घटनांमध्ये अत्याचारी, पीडित किंवा दोघेही प्यायलेले असल्याचे वारंवार आढळले आहे. मात्र दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. पिणाऱ्यांतले बहुतेक जण कधीच कोणावर हात टाकत नाहीत आणि कितीतरी अत्याचार दारूचा थेंबही न घेता होतात.

दारूचा मेंदूवरील परिणाम बराचसा स्पष्ट आहे. आवर घालणाऱ्या आणि परिणामांचा विचार करणाऱ्या पुढच्या भागाचे काम तिने मंदावते. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी 1990 मध्ये याला ‘मद्यजन्य अदूरदृष्टी’ अशा अर्थाचे नाव दिले. प्यायलेल्या माणसाला समोरचे ठळक तेवढेच दिसते. स्वतःची इच्छा ठळक असते. समोरच्या व्यक्तीचे अंग चोरणे, विषय बदलणे, तुटक उत्तरे देणे हे सारे नजरेतून निसटते. स्त्रीच्या साध्या मोकळेपणाला लैंगिक आमंत्रण समजण्याची चूक पुरुष शुद्धीतही करतात, हे मानसशास्त्रज्ञ अँटोनिया अ‍ॅबी यांनी 1982 मध्येच दाखवले होते.

प्रयोगशाळेत हे पडताळण्याची एक रीत अशी: पुरुषांना एका भेटीचे ध्वनिमुद्रण ऐकवतात. त्यातली स्त्री आधी सौम्यपणे, मग ठामपणे नकार देत जाते. ‘पुरुषाने आता थांबायला हवे’ असे वाटले की ऐकणाऱ्याने बटण दाबायचे. अशा प्रयोगांत प्यायलेल्यांनी बटण उशिरा दाबल्याचे दिसले आहे.

पण सगळे श्रेय दारूच्या रसायनाला देता येत नाही. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणलेल्या पद्धतीत चार गट असतात: दारू सांगून दारू, दारू सांगून नुसते टॉनिक (टॉनिक वॉटर हे मद्य नसलेले पेय), टॉनिक सांगून दारू आणि टॉनिक सांगून टॉनिक. तिच्या आधारे झालेल्या काही अभ्यासांत, आपण प्यायलो आहोत असे नुसते वाटल्यानेही पुरुषांची लैंगिक उत्तेजना वाढली. प्रत्यक्ष मद्याचे प्रमाण वाढले, की शारीरिक क्षमता उलट घटते. म्हणजे ‘प्यायल्यावर असे होतेच’ ही समजूत स्वतःच काम करते, आणि दुसऱ्या दिवशी सबब म्हणूनही हाताशी असते. स्त्रियांविषयी मनात आधीच राग किंवा हक्काची भावना असलेल्या पुरुषांत दारूचा परिणाम अधिक ठळक दिसतो. काही जण तर आधी बेत आखून समोरच्या व्यक्तीला पाजतात; तिथे दारू हे कारण नसून हत्यार असते.

दोषाचे माप मात्र समाज दोघांना वेगवेगळे लावतो. एकाच प्रसंगाचे वर्णन वाचून मत देणारे लोक प्यायलेल्या पुरुषाला थोडी सूट देतात आणि प्यायलेल्या स्त्रीला अधिक जबाबदार धरतात, असे काही प्रयोगांत आढळले आहे.

‘ब्लॅकआउट’ (प्यायलेले असताना घडलेले नंतर न आठवणे) आणि बेशुद्धी यांत गल्लत होते. ब्लॅकआउटमध्ये माणूस चालतो, बोलतो, हसतोसुद्धा. फक्त मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात आठवण नोंदली जात नाही. त्यामुळे पीडितेला सलग हकिगत सांगता येत नाही, आणि उलटतपासणीत नेमके हेच तिच्यावर उलटवले जाते. स्वेच्छेने केलेली नशा हा बचाव अनेक देशांच्या कायद्यांत सहसा चालत नाही. संमतीबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2007 मध्ये दोन्ही बाजू मांडल्या: प्यायलेल्या व्यक्तीने दिलेली संमतीही संमती ठरू शकते, परंतु संमती देण्याची क्षमता बेशुद्ध होण्याच्या बरीच आधी संपलेली असू शकते.