कोलियूर

भूमध्य समुद्रावरील फ्रान्सचे एक लहान बंदराचे गाव. पिरेनीज पर्वताची रांग जिथे समुद्रात उतरते, त्या कोत व्हेर्मेय नावाच्या खडकाळ किनाऱ्यावर ते वसले आहे. पेर्पिन्यां शहर वायव्येस सुमारे २५ किमी. अंतरावर, तर स्पेनची सरहद्द दक्षिणेस हाकेच्या टप्प्यात. वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये मात्र गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. गावाचे नाव झाले चित्रकारांमुळे, पण त्या चित्रांत दिसणारे रूप घडवले ते सरहद्द राखणाऱ्या फौजांनी.

हा मुलूख कातालान भाषकांचा. तेराव्या-चौदाव्या शतकांत तो मायोर्का बेटाच्या राजांकडे होता, नंतर आरागॉनच्या राज्याकडे व पुढे स्पेनच्या हाब्सबर्ग घराण्यातील राजांकडे गेला. १६४२ मध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घालून गाव घेतले आणि फ्रान्स-स्पेनमधल्या १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने त्यावर कायमची मोहोर उठली. तरी पाट्यांवर, सणांत आणि सार्दाना या फेर धरून करायच्या नाचात कातालानपण टिकून आहे.

राजवाडा-किल्ला (शातो रोयाल) बंदराच्या ऐन मध्यावर, थेट पाण्यात पाय रोवून उभा आहे. त्याच्यामुळे उपसागराचे दोन भाग पडतात आणि दोन्हीकडे वाळू-गोट्यांचे छोटे किनारे आहेत. मायोर्काचे राजे उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येत. तोफांचा जमाना आल्यावर हाब्सबर्गांनी भिंती जाडजूड केल्या. त्यांच्याच काळात, पाचव्या चार्ल्सने, मागच्या टेकडीवर सेंत-एल्म हा ताऱ्याच्या आकाराचा गड बांधवला. फ्रेंचांचा दुर्गबांधणीतज्ज्ञ व्होबां याने तर याच्याही पुढची मजल मारली : किल्ल्यापुढचे मैदान तोफांसाठी मोकळे हवे, म्हणून किल्ल्याला खेटून असलेली जुनी वस्ती पाडायला लावली. त्याचे मत चालते, तर सगळे गावच उठवून शेजारच्या पोर-व्हांद्रला हलवले गेले असते. तेवढे मात्र झाले नाही.

पाडापाडीत जुने चर्चही गेले. नवे चर्च, नोत्र-दाम-देझ-आंज, १६८४ ते १६९१ दरम्यान पाण्याच्या अगदी काठावर उभारले गेले. आज जगभरच्या पोस्टकार्डांवर दिसणारा त्याचा गोल मनोरा चर्चहून कितीतरी जुना आहे. बंदरावर नजर ठेवायला आणि जहाजांना खूण दाखवायला तो मध्ययुगात बांधलेला होता. चर्च त्याला जोडून बांधले आणि पहारेकऱ्याचा मनोरा घंटाघर झाला. माथ्यावरचा गुलाबी घुमट नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. समुद्रातून लाट आली की पायथा भिजतो. बाहेरून चर्च साधेच, आत मात्र झोसेप सुन्येर या कातालान शिल्पकाराने १६९८ ते १७०२ मध्ये कोरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदीभिंत (वेदीमागची सजावटीची भिंत) आहे. डोळे आतल्या अंधाराला सरावेपर्यंत तिचा आवाका लक्षात येत नाही. चर्चच्या पलीकडे खडकावर सेंत व्हिन्सेंटची चिमुकली प्रार्थनाघुमटी आहे. ऑगस्टच्या मध्यावर या संताचा उत्सव भरतो आणि रात्री बंदरावर आतषबाजी होते.

१९०५ च्या उन्हाळ्यात चित्रकार आंरी मातिस येथे येऊन राहिला आणि त्याने आंद्रे देरँला बोलावून घेतले. एक पस्तिशीचा, दुसरा पंचविशीचा. या प्रदेशात वायव्येकडून सुटणारा त्रामोंतान हा कोरडा वारा आकाश लख्ख करून टाकतो. सावल्याही रंगीत दिसाव्यात असा तो उजेड, आणि हे दोघे तसेच रंगवू लागले : लाल वाळू, गुलाबी पाणी, हिरवट आकाश. त्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रे पाहून समीक्षक लुई व्होसेल याने ‘फोव्ह’, म्हणजे रानटी श्वापदे, असा शेरा मारला आणि त्यांच्या चित्रचळवळीला तेच नाव चिकटले. मूळ चित्रे दूरदूरच्या संग्रहालयांत गेली. मातिसचे खिडकीचे प्रसिद्ध चित्र वॉशिंग्टनला आहे. गावाने त्यांच्या प्रतिकृती जिथे ती रंगवली गेली त्या त्या जागी लावल्या आहेत. कल्पना पर्यटकांसाठी खरी, पण देरँच्या चित्रातली शिडे आणि समोरचा रिकामा किनारा असा मेळ घालून पाहताना काय गेले ते नेमके कळते.

स्पॅनिश यादवी युद्धाच्या शेवटी सरहद्द ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात कवी आंतोनियो माचादो होता. वृद्ध आई आणि भावासह तो जानेवारी १९३९ च्या अखेरीस येथील एका छोट्या हॉटेलात उतरला आणि २२ फेब्रुवारीला वारला. तीन दिवसांनी आईही गेली. कवीच्या कोटाच्या खिशात बालपणीच्या उन्हाबद्दलची एक ओळ खरडलेला कागद सापडला. त्या युद्धात पराभूत झालेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी त्याची शवपेटी खांद्यावर नेली. त्याच वर्षी राजवाडा-किल्ल्यात फ्रेंच सरकारने स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्यांसाठी शिक्षाछावणी उघडली होती, हेही सांगितले पाहिजे. पर्यटन-पुस्तिका त्यावरून घाईने पुढे जातात. गावच्या दफनभूमीतील कवीच्या थडग्याशी एक टपालपेटी असून लोक आजही तिच्यात पत्रे टाकतात.

गावाचा मूळ धंदा खारवलेल्या आंशोव्ह माशांचा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला हा बोटभर मासा. त्रिकोणी शिडाच्या रंगीत होड्या रात्री तो धरून आणत आणि माल किनाऱ्यावरच मिठात घातला जाई. आता होड्या शोभेपुरत्या उरल्या आहेत आणि मासा बहुतांशी बाहेरून येतो, पण खारवण्याची रीत तीच : डोके व आतडी हाताने काढायची, पिंपात मासा व मीठ यांचे थर द्यायचे, वर वजन ठेवायचे आणि काही महिने मुरू द्यायचे. मांस तांबूस-तपकिरी झाले की मासा धुऊन बायका बोटांनी काटा सोडवतात. यंत्राला हे जमत नाही. २००४ पासून या मालाला युरोपीय भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. संरक्षण रीतीला आहे, माशाच्या जन्मस्थानाला नाही.

मागच्या डोंगरउतारांवर पायऱ्या पाडून द्राक्षे लावली आहेत. जमीन ठिसूळ पाषाणाची; वळवासारखा पाऊस कोसळला की माती वाहून जाते, म्हणून दगडी बांधांबरोबर पाणी काढून देणाऱ्या तिरप्या चऱ्याही खणलेल्या असतात. उतार इतके उभे की बरेच काम अजून माणसांनीच करावे लागते. याच मळ्यांतून कोलियूर नावाची वाइन निघते (१९७१ पासून मान्यताप्राप्त) आणि बान्यूल्स ही गोड वाइनही.