वेळेचा हिशेब : ब्लॉग आणि समाजमाध्यमांची पार्श्वभूमी

लिहिणाऱ्या माणसाने ब्लॉग चालवावा का, फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज हजेरी लावावी का, आणि त्यात जाणारा वेळ सत्कारणी लागतो का, हा प्रश्न आज मराठीत लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी स्वतःला विचारतो. मात्र हा प्रश्न आज ज्या रूपात समोर येतो, ते रूप फार जुने नाही. २००५ च्या आसपास ब्लॉग लिहू लागलेल्यांना तो फारसा पडत नसे, आणि त्यांच्याकडे वेळ उदंड होता हे काही त्याचे कारण नव्हे. लिहिलेला मजकूर कुठे राहतो आणि तो वाचकापर्यंत कोण पोचवतो, या दोन गोष्टी मधल्या वीस वर्षांत दोन-तीनदा मुळापासून बदलल्या आणि त्यांच्याबरोबर वेळेचा हिशेबही दर वेळी नव्याने मांडावा लागला.

एकट्याने नियतकालिक चालवण्याची रीत मराठीला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेली निबंधमाला सात वर्षे चालली, तिचे ८४ अंक निघाले आणि तिच्यातला बहुतेक मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. त्यातली बरीच वर्षे ते सरकारी शाळेतली नोकरीही सांभाळत होते. अशा उद्योगाला कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च होता, समोर वर्गणीदारांची यादी होती, आणि खटाटोप परवडतो की नाही हे वर्षाअखेरीस वहीत पाहता येत होते. ब्लॉगने यातले सगळे खर्च पुसून टाकले आणि एकच शिल्लक ठेवला, तो म्हणजे लिहिणाऱ्याचा वेळ. वेळेचा प्रश्न इतका ठळक होण्याची बीजे माझ्या मते इथेच आहेत, फक्त ती उगवायला काही वर्षे जावी लागली.

‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये अमेरिकेत प्रचारात आला आणि १९९९ मध्ये त्याचे ‘ब्लॉग’ झाले. त्याच वर्षी पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली, २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली, आणि त्याच २००३ मध्ये वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे दुसरे साधनही आले. मराठीपुढची अडचण मात्र वेगळीच होती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण प्रत्यक्षात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे कितीतरी वर्षे आपापले वेगळे फाँट वापरत राहिली आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी मागितली जाई, जी सायबर कॅफेत कुणाकडेही नसायची. ती सोय नसली की ‘किती’ मधली पहिली वेलांटी ‘क’ च्या आधी न येता त्याच्या पुढे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत, आणि जुन्या संगणकावर तर नुसत्या चौकटींची रांग उमटे. बरहा, गमभन यांसारखी टंकनसाधने आल्यावर लिहिणे सोपे झाले. तरीही २००५-०६ मध्ये मराठी ब्लॉग लिहिणारा माणूस पहिली संध्याकाळ लिहिण्यात नव्हे, तर अक्षरे जागेवर आणण्यात घालवत असे.

ब्लॉगच्या आधीही मराठी लेखनाला जालावर घर होते. मायबोली १९९६ पासून सुरू होती, २००४ मध्ये मनोगत आले आणि २००७ मध्ये मिसळपाव. तिथे लिहिले की त्याच रात्री प्रतिसाद मिळत, कधी कौतुकाचे तर कधी शुद्धलेखनावरून सालटी काढणारे. ब्लॉगचे सुख निराळे होते. ती स्वतःची जागा होती, तिथे संपादक नव्हता आणि विषयाचे बंधनही नव्हते. काहींनी तिच्यासाठी ‘अनुदिनी’ हा शब्द रूढ करून पाहिला. तो रुजला नाही, पण रोज थोडे लिहावे ही अपेक्षा त्या शब्दात नेमकी उतरली होती. मराठी ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारी संकलक संकेतस्थळे होती, एकमेकांना ‘खो’ देऊन ठरलेल्या विषयावर लिहायला लावण्याचे खेळ चालत, आणि ‘स्टार माझा’ वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धाही घेतली. ब्लॉगच्या तळाशी भेटींचा आकडा दाखवणारी एक छोटी पट्टी असे. तो आकडा तीन अंकी झाला की लिहिणाऱ्याला धन्य वाटे, मग त्यातल्या निम्म्या भेटी त्याच्या स्वतःच्याच का असेनात.

त्या काळी पैशाचा विचार मराठी ब्लॉगवाल्याच्या मनाला शिवत नसे, याला निरपेक्ष साहित्यसेवेपेक्षा साधे तांत्रिक कारण जास्त होते. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरातसेवा २००३ मध्ये सुरू झाली, पण हिंदीसुद्धा तिच्या अधिकृत भाषांच्या यादीत शिरायला डिसेंबर २०१४ उजाडला आणि मराठीचा क्रमांक त्यानंतर लागला. मराठी ब्लॉग ऐन भरात होते तेव्हा त्यांतून कमाईचा राजमार्ग खुलाच नव्हता. त्यामुळे ‘यातून काय मिळते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आधीच ठरलेले होते आणि कुणी तो विचारण्याच्या फंदात पडत नव्हते.

ब्लॉगचे काही उपयोग याच काळात उघड दिसलेही होते. डिसेंबर २००४ मधल्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगलेखकांनी मदत आणि बेपत्ता लोक यांची माहिती एकत्र करणारा ब्लॉग काही तासांत उभा केला, आणि २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली तेव्हा तोच मार्ग पुन्हा वापरला गेला. हे सारे इंग्रजीत होते, पण घडले ते आपल्या दारात. पुढच्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये, लोकलगाड्यांतल्या बाँबस्फोटांनंतर सरकारने मोजकी पाने बंद करायला सांगितली असता सेवापुरवठादारांनी ब्लॉगस्पॉटच, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे असत ते अख्खे ठिकाणच, सरसकट बंद करून टाकले आणि काही दिवस आपलाच ब्लॉग आपल्याला दिसेना. ब्लॉग ही स्वतःची जागा असली तरी तिची जमीन दुसऱ्याच्या मालकीची आहे, याची ती पहिली चुणूक होती.

खरा बदल आला तो फेसबुकमुळे. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुक सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच महिन्यात त्यावर ‘न्यूज फीड’ आले. तोवर वाचक उठून लेखकाच्या दारी जात असे. आता लेखन वाचकाच्या समोरून वाहत जाऊ लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले. ब्लॉगवर प्रतिक्रिया द्यायची तर नाव भरा, कधी वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचे कोडे सोडवा आणि वर मराठी टंका, एवढे सोपस्कार होते. लाइकला एक बोट पुरे होते. लिहिणाऱ्यालाही पाच मिनिटांत पन्नास माणसांची पोच मिळू लागल्यावर आठवड्याने येणाऱ्या दोन सविस्तर प्रतिक्रियांची वाट कोण पाहणार? मराठीतले अनेक चांगले ब्लॉग याच सुमारास आटले. त्यांच्या शेवटच्या नोंदी वाचल्या तर बहुतेक ठिकाणी ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आता नियमित लिहीन’ असेच काहीतरी आढळते. १ जुलै २०१३ रोजी गूगलने ‘रीडर’ बंद केले. आपल्या आवडीचे सगळे ब्लॉग एका पानावर वाचण्याची ती सोय गेल्यामुळे नेमाने येणारा उरलासुरला वाचकही पांगला. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे गूगलचे समाजमाध्यम बंद पडले आणि तिथल्या मराठी समुदायांतल्या गप्पा त्याच्यासोबत गेल्या.

फीडमध्ये काय वर दिसेल हे आता काळाचा क्रम ठरवत नव्हता, कंपनीची गणिते ठरवत होती, आणि ती गणिते वेळोवेळी बदलत. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला झुकते माप देण्याचे जाहीर केले, तेव्हा फेसबुकवरच्या पानांवर (पेजवर) भिस्त ठेवून बसलेल्यांचे लेखन आणखी कमी लोकांपर्यंत पोचू लागले. बाहेरचा दुवा दिला की पोस्ट कमी लोकांना दिसते, हा अनुभव लेखकांना इतक्यांदा आला की ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ हे वाक्य मराठी पोस्टींच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ सारखे येऊ लागले. म्हणजे ब्लॉगला वाचक मिळवून देण्यासाठी समाजमाध्यमावर वेळ द्यायचा, आणि त्या माध्यमाला मात्र वाचक तिथून हलायला नको, असा हा पेच होता.

दोन्हीकडचे आयुष्यमान किती वेगळे असते, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. २०११ मध्ये मी ब्लॉगवर सातबारा उतारा कसा वाचावा, यावर एक नोंद लिहिली होती. गाव नमुना सातमध्ये कब्जेदाराचे नाव कुठे असते, ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय पाहायचे, बारामध्ये पिकांची नोंद कशी असते, असा तो साधा मजकूर होता. पहिल्या आठवड्यात ती नोंद बहुधा माझ्या घरच्यांनीही वाचली नसेल. पण सातबारा ज्याच्या हातात पडतो, त्याला कधीतरी हे शोधावेच लागते, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही शोधयंत्रातून लोक तिथे येऊन टेकतात. त्याच विषयावर पुढे मी फेसबुकवर त्याहून चांगले लिहिले. दोन दिवस त्यावर लाइकांची बरसात झाली, आणि आता ती पोस्ट मला स्वतःलाच सापडत नाही. लांबलचक लेखनासाठी फेसबुकवर ‘नोट्स’ची सोय होती, तीही २०२० च्या ऑक्टोबरअखेर काढून घेण्यात आली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि मराठी वाचन मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवर सरकले. तिथे वाचक अगणित, पण लेखक बेपत्ता. ब्लॉगवरचा लेख उचलून, खालचे नाव खोडून पुढे धाडला जाणे ही मराठी ब्लॉगवाल्यांची सर्वांत जुनी तक्रार आहे. स्वतःचाच लेख कुटुंबाच्या गटात ‘अप्रतिम, नक्की वाचा’ या शिफारशीसह परत आलेला पाहण्याची पाळी अनेकांवर आली. विनोदी असेल तर तो पु. ल. देशपांडे यांच्या नावावर जमा होतो. आपल्या वेळेचे चीज झाले असे यावर म्हणावे की आपला वेळ चोरीला गेला असे म्हणावे, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.

वेळ हा शब्द या चर्चेत अक्षरशः मिनिटांत मोजला जाऊ लागला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी ॲपल आणि गूगल या दोघांनीही फोनमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, हे दाखवण्याची सोय दिली, आणि फेसबुक व इन्स्टाग्रामनेही तसेच केले. तोवर ‘जरा फेसबुक बघतो’ यातला ‘जरा’ केवढा, हे कुणाला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी यूट्यूबने जाहिरातीतल्या वाट्यासाठी किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. एकीकडे प्रेक्षकाचा वेळ तासांनी मोजून त्याला बाजारभाव लागला आणि दुसरीकडे लिहिणाऱ्याच्या वेळेला कसलेच माप राहिले नाही, असा हा उलटा प्रकार आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ज्यांना जमले ते रील्सवर गेले, बाकीचे शेतीकडे आणि दुकानाकडे परतले.

ब्लॉगच्या बाजूने आजवर एक मुद्दा भक्कम होता, तो म्हणजे शोधयंत्रातून येणारा वाचक. तोही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांच्या माथ्यावर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहे, आणि उत्तर वरच मिळाल्यावर खालच्या दुव्यावर बोट ठेवण्याची गरज बऱ्याच जणांना भासत नाही. सातबाऱ्याच्या त्या नोंदीवर येणारी माणसे त्यामुळे कमी होतील, असे मी धरून चाललो आहे. अजून ती यायची थांबलेली नाहीत. तिच्याखालचा सर्वांत ताजा प्रश्न पोटखराबाच्या, म्हणजे लागवडीस अयोग्य जमिनीच्या, ‘अ’ आणि ‘ब’ या वर्गांतल्या फरकाबद्दल आहे, विचारणाऱ्याने सोबत उताऱ्याचा रकाना जसाच्या तसा टंकून पाठवला आहे, आणि त्याला उत्तर लिहिण्यात परवाची माझी अर्धी सकाळ गेली.