बसचे घर : साधने व साहित्य

सेवेतून काढलेली बस आतून रिकामी करून तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची कायमची सोय करण्यासाठी जी हत्यारे व सामग्री लागते, तिची ही नोंद आहे. हा प्रकार सर्वांत जास्त रुजला तो उत्तर अमेरिकेत. तिथे शाळांच्या पिवळ्या बस ठरावीक वर्षांनी सेवेतून निघतात आणि लिलावात विकल्या जातात. अमेरिकी लेखक केन केसी यांनी १९६४ मध्ये मित्रमंडळींसह रंगीबेरंगी बसमधून देशभर प्रवास केला. ती १९३९ सालची शाळेची बस होती आणि आधीच्या मालकाने आपल्या कुटुंबासाठी झोपण्याचे बाक व स्वयंपाकघर बसवून ती घरासारखी केलेलीच होती. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्येही बसघरे जुनी आहेत.

इमारतीसाठी बनलेले बरेचसे साहित्य बसमध्ये टिकत नाही. इमारत जागेवर उभी असते. बस धावताना थरथरते आणि खड्ड्यात एक चाक गेले की तिचा सांगाडा किंचित पिळला जातो. तिच्या पत्र्याला थंडीत आतून घाम फुटतो. शिवाय तिचे भारासह एकूण वजन किती असावे याची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. कोणतीही वस्तू निवडताना हे पाहिले नाही, तर ती पहिल्या लांब प्रवासात तडकते, सैल होते किंवा कुजते. जिप्समचे तक्ते, सिमेंटवर बसवलेल्या लाद्या आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून बनवलेला तक्ता) ही याची नेहमीची उदाहरणे.

सांगाडा मोकळा करणे

कामाचा पहिला टप्पा सुतारापेक्षा लोहाराचा आहे. आसने जमिनीतून आरपार गेलेल्या बोल्टांनी बसवलेली असतात आणि खालचे नट वर्षानुवर्षांच्या पाण्या-चिखलाने गंजून एकजीव झालेले असतात. पान्याने ते क्वचितच सुटतात. ११५ किंवा १२५ मिमी चकतीचा अँगल ग्राइंडर आणि १ मिमी जाडीच्या कापण्याच्या चकत्या हेच इथले मुख्य हत्यार. चकत्या भराभर झिजतात, म्हणून त्या गठ्ठ्याने आणाव्या. कापताना उडणाऱ्या ठिणग्या आसनांच्या फोमवर पडून आग लागू शकते. फोम आधी काढून बाहेर टाकावा आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. डोळ्यांना बंद चष्मा, त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल, कानांना आवाजरोधक आणि नाकातोंडाला धुळीची गाळणी असलेला मुखवटा, एवढे अंगावर चढवल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नये. फार जुन्या गाडीतल्या रंगात शिसे आणि काही भागांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे.

छताचे व भिंतींचे आतले पत्रे काढायला एअर हॅमर, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारी छिन्नी, सर्वांत उपयोगी. तिने रिव्हेटचे डोके उडवायचे आणि उरलेला दांडा सुंब्याने ठोकून पाडायचा. अमेरिकेच्या १९७७ पासूनच्या सुरक्षा नियमानुसार शाळेच्या बसच्या पत्र्याचा सांधा त्या पत्र्याच्या ताकदीच्या निदान ६० टक्के ताकदीचा असावा लागतो. मुलांच्या दृष्टीने उत्तम नियम. पण त्यामुळेच अशा बसमध्ये रिव्हेट आणि स्क्रू शेकड्यांनी असतात आणि ते काढताना मनगटे भरून येतात. एअर हॅमर नसेल तर रिव्हेटच्या मध्यावर सुंब्याने खूण करून कोबाल्टयुक्त बिटने भोक पाडावे. पत्र्याआड बहुधा काचतंतूचा जुना ओला थर निघतो. तो पुन्हा वापरण्याच्या लायकीचा नसतो.

जमीन उघडल्यावर गंज दिसतो. वरवरचा गंज ग्राइंडरला तारेची चकती लावून घासावा, उरलेल्यावर गंजरूपक द्रव लावावा. त्यातील फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल लोहाच्या ऑक्साइडचे स्थिर संयुग बनवते. त्यावर जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. टोचणीने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर मात्र तो भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणे हाच उपाय. गंजरूपक सडलेल्या पत्र्यात जीव घालत नाही. आसनांच्या बोल्टांची भोके पत्र्याच्या चकत्या वेल्ड करून किंवा पॉलियुरेथेन सीलंटने चिकटवून बुजवतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके आणि इंजिनाच्या संगणकाचे जोड सोडवून ठेवावेत.

सीलबंदी

लोक लाकडी पट्ट्यांच्या रंगावर महिनाभर विचार करतात आणि सीलंट मात्र जे मिळेल ते उचलतात. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त नुकसान टाळणारी वस्तू सीलंटच आहे. पत्र्यांच्या सांध्यांवर वाहनांसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट वापरावा. तो वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहतो आणि रंगही धरतो. घरगुती सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि त्याचा अंश राहिलेल्या पृष्ठभागाला नंतर दुसरे काही चिकटत नाही. खिडक्यांच्या चौकटी, छतावरचा झरोका, सौर पट्ट्यांचे पाय यांच्याखाली ब्युटिल टेप, म्हणजे चिकट कृत्रिम रबराची पट्टी, द्यावी. ती कधीच पूर्ण कडक होत नाही, म्हणून गाडीच्या थरथरीत सांधा फुटत नाही. बाहेरच्या पत्र्यात बंद तोंडाचे रिव्हेट वापरावेत, कारण साध्या रिव्हेटच्या मध्यातून पाणी झिरपते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात साधे पोलादी स्क्रू घातले तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते. छताला पांढरा लवचिक लेप दिल्यास गळती थांबते आणि उन्हाची तापही बरीच परतवली जाते.

उष्णतारोधक थर

पोलाद उष्णता वाहून नेण्यात फार तरबेज. त्याची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्विन, मऊ लाकडाची ०.१२ च्या आसपास, तर चांगल्या फोमची ०.०२५ ते ०.०३५. म्हणून सांगाड्याच्या बरगड्यांमधल्या (भिंती-छताला आधार देणाऱ्या कमानींमधल्या) जागेत कितीही फोम भरला तरी उघड्या राहिलेल्या पोलादी बरगड्यांमधून उष्णता निसटते आणि त्यांच्यावरच दव जमते. बरगड्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या किंवा फोमची पातळ पट्टी देऊन उष्णतेचा हा पूल तोडावा लागतो.

फवाऱ्याचा बंदपेशी, म्हणजे आतले बारीक बुडबुडे बंद असलेला, पॉलियुरेथेन फोम बसच्या गोलाईत सर्वांत चपखल बसतो. तो पत्र्याला चिकटतो, ओल्या हवेला पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि पत्र्याचा खडखडाटही कमी करतो. मात्र तो मारण्यापूर्वी गंज व तेल साफ हवे, तारांसाठी नळ्या आधीच टाकलेल्या हव्यात आणि फवारणाऱ्याकडे योग्य श्वसन-मुखवटा हवा, कारण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. हा फोम ज्वलनशील आहे. तो उघडा ठेवू नये. खर्च वाचवायचा असेल तर एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा घट्ट) फोमचे तक्ते कापून बसवावेत आणि फटी डब्यातल्या फोमने भराव्यात. जमिनीखाली तेच बरे, कारण ते दाब सहन करतात आणि पाणी पीत नाहीत. मेंढीची लोकर वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषूनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे तिचे चाहते पुष्कळ. पण तिच्यातून बाष्प आरपार जाते आणि थंड पत्र्यावर पाणी होते, हे विसरता येत नाही. चकाकत्या फुग्यांच्या चादरीबद्दल जाहिराती काहीही सांगोत, तिच्यासमोर हवेची मोकळी जागा नसेल तर ती जवळपास निरुपयोगी आहे.

ओल येते कुठून? माणसांच्या श्वासातून, भिजलेल्या कपड्यांतून आणि चुलीतून. १ किलो प्रोपेन जाळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. म्हणून छतावरचा पंखा चैनीची वस्तू धरू नये. त्यासाठीचे ठरलेले भोक ३५६ मिमी चौरस असते. ते पाडायला जिगसॉ आणि धातूचे पाते लागते, आणि कापलेल्या कडेला लगेच प्रायमर.

उत्तर अमेरिकी शाळेच्या बसमध्ये आतली उंची साधारण १.८ ते २ मीटर आणि रुंदी सुमारे २.३ मीटर मिळते. जमिनीला आणि छताला थर दिले की उंच माणसाचे डोके टेकू लागते. त्यावर उपाय म्हणून काही जण खिडक्यांच्या पातळीवर बरगड्या कापून, जॅकने छत अर्धा मीटर उचलून, मध्ये चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करतात. हे सांगाड्याच्या ताकदीला हात घालणारे काम आहे. जाणकार वेल्डर जवळ नसेल तर ते करू नये. युरोपात वाहनाची उंची सर्वसाधारणपणे ४ मीटरपर्यंतच चालते, हेही आधी मोजून घ्यावे.

सुतारकाम

उभ्या बसमध्ये पाणसळ फसवते, कारण गाडी स्वतःच समतल नसते. जॅकवर गाडी सरळ करून घ्यावी, नाहीतर जमिनीलाच प्रमाण मानून गुण्या लावावा. कडेच्या गोल भिंतीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून मग लाकूड कापावे. गोलाकार करवत, जिगसॉ, ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि भरपूर शिकंजे एवढ्यावर बहुतेक काम होते. पत्र्याला लाकूड जोडायला स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू सोपे. पण ज्यावर जड कपाट लटकणार तिथे रिव्हनट, म्हणजे पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा पक्का बसणारा नट, आणि बोल्ट वापरावेत.

जमिनीसाठी १२ ते १८ मिमी, कपाटांसाठी ६ ते १२ मिमी प्लायवुड पुरते. १८ मिमी जाडीचा ८ बाय ४ फुटांचा तक्ता तीस किलोच्या आसपास भरतो. घरच्या सवयीने सगळीकडे तेच जाड प्लाय वापरले की वजनाचा हिशेब कोसळतो. सांधे डिंक आणि स्क्रू दोन्हींनी करावेत; नुसते खिळे थरथरीत हळूहळू वर येतात. खणांना दाबून उघडणारी कडी हवी, कारण चुंबकी खिटी पहिल्याच वळणावर दार सोडते.

वीज

बहुतेक शाळेच्या बस १२ व्होल्टच्या असतात, मोठ्या प्रवासी बस पुष्कळदा २४ व्होल्टच्या. घराची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतात. व्होल्टेज ठरवताना साधे गणित करावे : १,००० वॅटच्या उपकरणाला १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर, २४ वर ४२, ४८ वर २१ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टरमधील गळती वेगळी. प्रवाह वाढला की तार जाड लागते. १२ व्होल्टवर २,००० वॅटच्या इन्व्हर्टरसाठी ७० चौरस मिमीची तांब्याची तार सर्रास लागते. मोठी उपकरणे वापरायची असतील तर २४ किंवा ४८ व्होल्टच शहाणपणाचे.

शिसे-आम्ल बॅटरीची निम्मीच क्षमता रोज वापरावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येते, वजनाला हलकी असते आणि हजारो आवर्तने टिकते. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. रिकामी लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडली तर ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये हा प्रवाह आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. सौर पट्ट्यांसाठी त्यांतून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी नियंत्रक आणि उपकरणांसाठी शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर घ्यावा.

तार बारीक धाग्यांची, लवचिक, तांब्याची घ्यावी. इमारतीत वापरतात ती एकपदरी कडक तार सततच्या हलण्याने आत तुटते. टोकांना लग (बोल्टला जोडायचे धातूचे कडे) लावायला हायड्रॉलिक क्रिम्पर, म्हणजे तेलाच्या दाबाने चेपणारे हत्यार, वापरावा, पक्कडीने चेपलेला लग तापतो. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडे हवे. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो तारेला वाचवतो, म्हणून तारेच्या जाडीनुसार निवडून शक्य तितका बॅटरीजवळ बसवतात. मल्टिमीटर तर रोज लागतो.

पाणी, गॅस, ऊब

नळकामाला पेक्स या प्लास्टिकची लवचिक नळी सर्वांत योग्य. ती थरथर आणि थोडेफार गोठणे सहन करते. टाकी खाद्यदर्जाच्या पॉलिथिलीनची, पंप १२ व्होल्टचा, दाब सुमारे ३ बार. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो आणि ते उसळतेही. टाकी शक्य तितकी खाली, दोन आसांच्या मधे आणि आत आडपडदे असलेली असावी. शौचासाठी मूत्र वेगळे करणारे कोरडे भांडे घेतले तर मैल्याची टाकीच लागत नाही.

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळलेला वायू जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून बंदिस्त आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा. गॅसचा इशारा देणारे यंत्रही खालीच लावतात. कार्बन मोनॉक्साइडची घनता हवेच्या जवळपास असते, त्याचे यंत्र झोपण्याच्या उंचीला लावावे. थंड प्रदेशात ब्युटेन उपयोगी नाही, कारण तो शून्याच्या आसपासच वायुरूप होणे थांबतो. उबेसाठी इंधनाच्या टाकीतूनच चालणारा डिझेल हीटर जागा कमी घेतो; त्याची ज्वलनाची हवा आणि धूर दोन्ही बाहेरच हवेत. लाकडाची शेगडी देखणी दिसते, पण तिच्याभोवती हवेची फट सोडून धातूचा आडोसा लावावा लागतो.

आपत्कालीन दार पलंगाने झाकू नये. काम चालू असताना दोन-तीनदा आणि शेवटी भरलेल्या टाक्यांसह बस वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगवेगळे मोजावे. डावी-उजवी बाजूही तोलावी, कारण स्वयंपाकघर, टाकी आणि बॅटरी एकाच अंगाला आल्या की गाडी ब्रेकला तिकडे ओढते. घर तयार झाल्यावरही काही हत्यारे बसमध्येच ठेवतात : टॉर्क पाना, पाने आणि पेचकस, मल्टिमीटर, रिव्हेट गन, ब्युटिल टेपची गुंडाळी, जादा फ्यूज आणि पेक्सचे दोन-चार जोड. पहिल्या काही शेकडो किलोमीटरनंतर चाकांचे नट, बॅटरीचे लग आणि छतावरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात.