स्प्रिंट नियोजन (सॉफ्टवेअर करारांतील अटी)

स्प्रिंट नियोजनाच्या अटी : अ‍ॅजाइल पद्धतीने, म्हणजे सगळे आधी न ठरवता टप्प्याटप्प्याने, सॉफ्टवेअर बनवून घेताना पुढच्या एक ते चार आठवड्यांच्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, कोणते काम हाती घ्यायचे, ते कोणी ठरवायचे आणि ‘झाले’ असे केव्हा म्हणायचे, हे सांगणारी कराराची कलमे. मुख्य करारनाम्यात ती क्वचितच सापडतात. कामाच्या तपशिलाचे जे जोडपत्र असते, ज्याला इंदूरच्या कंपन्यांत सरसकट ‘एसओडब्ल्यू’ म्हणतात, त्यात ती असतात. जोडपत्र वकील नीट वाचत नाही आणि मुख्य करार प्रोग्रॅमर उघडतही नाही. त्यामुळे ही कलमे बहुतेकदा मागच्या एखाद्या ग्राहकाच्या फाइलमधून नाव बदलून उचललेली असतात. पैसे अडकतात ते मात्र नेमके इथेच.

या पद्धतीचे मूळ कारखानदारीत आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये नव्या वस्तू घडवणाऱ्या गटांना रग्बीच्या संघाची उपमा दिली होती. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ साली सॉफ्टवेअरसाठी ‘स्क्रम’ ही स्प्रिंटमध्ये काम करण्याची चौकट मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि अ‍ॅजाइल जाहीरनामा निघाला. त्यात कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोलाचे मानले आहे. हे वाक्य दाखवून ‘मग करार कशाला?’ असे म्हणणारे उत्साही लोक भेटतात. जाहीरनाम्याने करार रद्द केलेला नाही, फक्त प्राधान्य सांगितले आहे, आणि उधारी वसूल करताना जाहीरनामा कोणी मागत नाही.

इंदूरमध्ये हा व्यवसाय परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्सपासून खंडवा रोडवरच्या क्रिस्टल आयटी पार्कपर्यंत आणि टीसीएस-इन्फोसिसच्या कॅम्पसमुळे सुपर कॉरिडॉरपर्यंत पसरला आहे. विजयनगरच्या बाजूला एकेका मजल्यावर दोन-दोन लहान कंपन्या आहेत. होळकरांच्या काळापासून इथे मराठी वस्ती असल्याने रामबाग, टिळकनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर भागातली मुले-मुली या कंपन्यांत भरपूर. आपसांत मराठी, ग्राहकाशी हिंदी आणि करार इंग्रजीत, असा त्यांचा दिवस जातो. बैठकीत ग्राहक ‘भिया, इतना तो हो ही जाएगा’ म्हणतो, आपला माणूस ‘हो जाएगा’ म्हणतो, आणि यातले काहीच कागदावर येत नाही.

अ‍ॅजाइल कराराबद्दलची पहिली शंका रास्त आहे : काय बनवायचे हेच आधी लिहिले नसेल, तर तो करार ठरतो तरी का? भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम २९ म्हणते, की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार शून्य. उत्तरही त्याच कलमाखालच्या उदाहरणांत आहे. ‘अ’ने ‘ब’ला १०० टन तेल विकायचे कबूल केले, पण कोणते तेल ते कळायला मार्गच नाही, हा करार शून्य. दुसऱ्या उदाहरणात ‘अ’ हजार मण तांदूळ ‘क’ ठरवेल त्या भावाने विकतो. भाव आज माहीत नाही, पण ठरवण्याची रीत ठरलेली आहे, म्हणून करार पक्का. सियागंजात किंवा दाणा मंडीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अ‍ॅजाइल करारात वस्तूचे वर्णन अपुरे असते, ते भरून काढण्याची रीत मात्र पुरी असावी लागते. नियोजनाची कलमे म्हणजे ही रीत. ती ढिली असतील तर करार पहिल्या उदाहरणाकडे सरकू लागतो.

रीत म्हटली की पहिला प्रश्न ‘क’ कोण हा. स्क्रममध्ये त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. कामांची यादी, म्हणजे बॅकलॉग, त्याच्या ताब्यात असते आणि कशाच्या आधी काय हे तोच सांगतो. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या पुस्तिकेचा, स्क्रम गाइडचा, आग्रह स्पष्ट आहे : ही एकच व्यक्ती असावी, समिती नव्हे. इंदूरच्या घरगुती पेढ्यांत नेमकी इथेच गोची होते. करारावर नाव असते बाहेरून एमबीए करून आलेल्या मुलाचे, बिलिंगचे खरे ज्ञान असते गेली वीस-पंचवीस वर्षे वही सांभाळणाऱ्या मुनीमजींना, आणि चेकवर सही असते गादीवरच्या वडिलांची. दोन स्प्रिंट मुलाच्या सांगण्यावरून होतात, तिसऱ्या डेमोला वडील येऊन बसतात आणि ‘हे तर आम्हाला नकोच होते’ म्हणतात. म्हणून कलमात एक नाव, त्याच्या गैरहजेरीतले दुसरे नाव आणि ‘याने बैठकीत घेतलेला निर्णय ग्राहकावर बंधनकारक’ हे वाक्य, तिन्ही हवीत. प्रॉडक्ट ओनर नियोजनाला आलाच नाही तर काय, हेही लिहावे : ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास यादीतली वरची कामे धरून स्प्रिंट सुरू होईल आणि त्याचे बिल लागेल. ग्राहकाला हे कलम बोचते. तरी ते सोडू नये.

बैठकीविषयी स्क्रम गाइड थोडकेच सांगते. एक महिन्याच्या स्प्रिंटला नियोजन जास्तीत जास्त आठ तास. स्प्रिंट लहान तर वेळ कमी. २०२० च्या आवृत्तीत बैठकीचे तीन विषय आहेत : हा स्प्रिंट कशासाठी, त्यात काय होऊ शकेल, आणि ते कसे करायचे. कामाचा आकार काम करणाऱ्यांनीच ठरवायचा. करारात हे शेवटचे वाक्य जसेच्या तसे घालावे, नाहीतर ‘हे दोन दिवसांचे काम आहे’ असे ग्राहकाचा मेहुणा ठरवतो. शिवाय हाताशी किती माणसे, किती दिवस, हा हिशेब प्रत्येक नियोजनात नव्याने होतो आणि त्याला सुट्ट्यांची यादी लागते. पुणे किंवा बंगळुरूहून आलेल्या मसुद्यात रंगपंचमी नसते. इंदुरात त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि ऑफिसात कोणी नसते. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, चालतात, तिचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या हजेरीवर होतो. जोडपत्रात सुट्ट्यांचा तक्ता लावणे हे फालतू वाटणारे पण भांडण टाळणारे काम आहे.

स्प्रिंटमध्ये घेतलेले सगळे काम पुरे झालेच पाहिजे का, हा वादाचा मोठा मुद्दा. स्क्रम गाइडच्या २०११ च्या सुधारणेपासून निवडलेली कामे संघाचा अंदाज मानली जातात, हमी नव्हे. संघ बांधील असतो तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी. करारात मात्र अजूनही ‘नियोजनात ठरलेली सर्व कामे पुरवठादार पूर्ण करील’ असे सर्रास लिहिले जाते. वर दंडही असतो. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम आपोआप मिळत नाही; ती कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे स्पष्ट केले आहे. पण लहान कंपनीला न्यायालयापर्यंत जायला वेळ नसतो, ग्राहक रक्कम बिलातूनच कापून घेतो. तेव्हा दंड लावायचाच असेल तर उद्दिष्टाला लावावा, उरलेल्या कामाला नाही, आणि उरलेले काम यादीत परत जाते एवढेच लिहावे.

स्टोरी पॉइंटवर, म्हणजे कामाचा अंदाजे आकार सांगणाऱ्या आकड्यावर, दर ठरवणे हा त्याहून वाईट प्रकार. हे एकक स्क्रम गाइडमध्ये नाहीच. ते एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अ‍ॅजाइल पद्धतीच्या परंपरेतून आले. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्लॅनिंग पोकरमध्ये पत्ते टाकून ज्या आकारावर एकमत होते, तो त्या संघापुरताच खरा. एका संघाचे पाच दुसऱ्याचे आठ असू शकतात. पॉइंटमागे रुपये ठरले की काही महिन्यांत तेच लॉगिनचे पान तीनऐवजी पाच पॉइंटचे होते. यात लबाडीच असते असे नाही, पैसा जिकडे मोजला जातो तिकडे अंदाज वाकतो. करारात पॉइंट यावेत ते फक्त एका कामाच्या जागी तेवढ्याच आकाराचे दुसरे घेताना, अदलाबदलीसाठी.

‘झाले’ म्हणजे काय याची व्याख्या, डेफिनिशन ऑफ डन, ही साऱ्या कलमांतली सर्वांत महत्त्वाची. २०२० च्या गाइडमध्ये ती तयार मालाशी, म्हणजे इन्क्रिमेंटशी, जोडलेली बांधिलकी आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. दवाबाजारातल्या एका औषध वितरकाला बिलिंगचे सॉफ्टवेअर हवे आहे. नियोजनात काम लिहिले जाते : ‘एक्स्पायरीप्रमाणे माल निवडणे.’ प्रोग्रॅमरने जवळच्या तारखेची बॅच आधी सुचवणारा पडदा केला, चाचणी झाली, डेमो झाला. वितरक म्हणतो, अपुरे आहे. कारण एकाच औषधाच्या दोन बॅचची एमआरपी वेगळी असली तर बिलात दोन ओळी पडायला हव्यात, फ्री स्कीमचे नग त्याच बॅचमधून जायला हवेत, आणि एक्स्पायरीला महिनाभरच उरला असेल तर दुकानदार माल घेतच नाही, म्हणून ती बॅच सुचवूच नये. तिन्ही गोष्टी वितरकाला इतक्या उघड वाटतात की तो त्या बोललाच नाही. नियोजनात त्या कामाखाली चार-पाच स्वीकृती-निकष लिहून घेतले असते तर हा वाद झाला नसता. कराराने एवढेच म्हणावे : ज्या कामाखाली प्रॉडक्ट ओनरने मान्य केलेले निकष नाहीत ते काम स्प्रिंटमध्ये घेतले जाणार नाही, आणि निकषांबाहेरची मागणी हे नवे काम.

निकषांनंतर येते स्वीकृती, आणि इथे कायदा लहान कंपनीच्या बाजूचा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ प्रमाणे सेवा दिल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असे धरले जाते. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करारातल्या मुदतीत द्यायचे, पण ती मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. करारात ‘यूएटी (ग्राहकाने करायची चाचणी) पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी’ असे लिहिलेले असले तरी कायद्याची मुदत चालते. पण ‘सेवा दिली’ तो दिवस कोणता? प्रकल्पभर एकच सुपूर्ती मानली तर घड्याळ वर्षाने सुरू होईल. प्रत्येक स्प्रिंटचा डेमो ही स्वतंत्र सुपूर्ती आहे असे लिहिले की दर दोन आठवड्यांनी नवे घड्याळ सुरू होते. जीएसटीलाही हे जोडलेले आहे : तीन महिन्यांहून लांब, हप्त्याहप्त्याने पैसे देण्याच्या कामात हप्ता एखाद्या टप्प्याच्या पूर्ततेशी बांधलेला असेल, तर पूर्ततेच्या तारखेपर्यंत इन्व्हॉइस काढायचे असते. टप्पा कधी पुरा झाला हे संदिग्ध ठेवले की सीए वैतागतो.

स्प्रिंट चालू असताना बदल आला तर? उद्दिष्टाला धक्का लागेल असा बदल स्क्रम मान्य करत नाही. उद्दिष्टच कालबाह्य झाले तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे. रद्द स्प्रिंटचे बिल किती, हे गाइड सांगत नाही, करारानेच सांगायचे. यादीतल्या बदलांसाठी सदरलँड यांनी सुचवलेली तोड चांगली आहे : तेवढ्याच आकाराचे न केलेले काम बाहेर काढा, नवे आत घ्या, जादा पैसे नाहीत. तिच्या जोडीला ग्राहकाला वेळेआधी थांबण्याची मुभा असते. थांबताना त्याने उरलेल्या रकमेचा २० टक्के भाग द्यायचा. निश्चित किमतीला सरावलेल्या इंदुरी ग्राहकाला पहिला भाग फार आवडतो, दुसरा ऐकूच येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके’चे काय, हा प्रश्न इथे रोजचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०-अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अमान्य होत नाही आणि करार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने अटी बदलता येतात. म्हणजे असा ‘ओके’ही अटीतला बदल ठरू शकतो. तेव्हा बदल कुठे मान्य होतील ते एकाच जागी बांधून टाकावे, जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर किंवा ठरलेल्या ईमेलवर.

कोडच्या मालकीचे कलम नियोजनाशी संबंधित वाटत नाही, पण आहे. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला कोड लेखी हस्तांतराशिवाय ग्राहकाचा होत नाही. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे, क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरले जाते. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी हे दोन्ही घातक. पुरवठादाराने आपल्या बाजूने एवढेच पाहावे की त्या-त्या स्प्रिंटचा कोड त्या-त्या स्प्रिंटचे पैसे आल्यावरच जातो.

वाद झालाच तर मोठ्या ग्राहकांच्या करारात ‘न्यायक्षेत्र मुंबई’ आणि लवादाचे कलम छापलेले असते. तरीही सूक्ष्म किंवा लघु पुरवठादार थकबाकीसाठी आपल्या राज्याच्या सुकरीकरण परिषदेकडे, म्हणजे याच अधिनियमाखाली असे दावे ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाऊ शकतो, ग्राहक देशात कुठेही असो. लवादाच्या कलमापेक्षा हा मार्ग वरचढ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरात स्टेट सिव्हिल सप्लाइज विरुद्ध महाकाली फूड्स या निकालात मान्य केले. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करारावर सही होण्याआधीच झालेली असावी. थकबाकी झाल्यावर केलेली नोंदणी त्या जुन्या करारासाठी उपयोगी पडत नाही, असेही त्याच निकालात आहे.