लाकडाचा ठोकळा आणि रिमोटचे दोन सेल

"मामा, तुझ्या ड्रॉवरमधलं ते राखाडी यंत्र अजून चालतं का?" दिवाळीत भाचीनं विचारलं. ती सीएची आर्टिकलशिप करते आहे. दिवसभर तारखा, क्लायंटचे फोन, कुणाकडून कुठला कागद यायचा राहिलाय याच्या नोंदी. त्या फोनमध्ये करायला जावं तर नोंद बाजूला राहते आणि अर्धा तास भलतीकडेच निघून जातो, ही तिची तक्रार. तिला फक्त नोंदींपुरतं, इंटरनेट नसलेलं, खिशात मावणारं यंत्र हवं होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांना आपण इलेक्ट्रॉनिक डायरी, ऑर्गनायझर किंवा पीडीए म्हणायचो, त्यांतलं एक.

कुठलं घे, हे मी तिला एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण असं यंत्र नावावरून निवडू नये, त्याच्या पोटात काय चालतं ते समजून निवडावं, असं मला मनापासून वाटतं. कारण माझं पहिलं यंत्र मी न समजता वापरलं होतं.

नव्वदच्या दशकात आखाती देशांतून येणारे नातेवाईक अत्तरं आणि घड्याळांबरोबर डिजिटल डायरीही आणत. काकांनी मला दिलेल्या डायरीच्या झाकणावर '६४ केबी' असं ठळक लिहिलेलं होतं. चार संध्याकाळी बसून मी तिच्यात दीडशेच्या वर नावं आणि फोन नंबर भरले. दोनेक वर्षांनी पडदा फिका पडला, म्हणून आतले सगळे बटण सेल एकदम काढले आणि नवे बसवले. अक्षरं पुन्हा काळीभोर दिसू लागली, पण आत एकही नाव उरलं नव्हतं.

असं का झालं ते पुढे कळलं. त्या डायऱ्यांतली स्मृती म्हणजे छोट्या छोट्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या. जोडीतला एक भाग 'चालू' असला की तो दुसऱ्याला 'बंद' ठेवतो आणि तो बंद राहिलेला भाग पहिल्याला चालू ठेवतो. एकमेकांचा हात धरून उभे असल्यासारखे. या पकडीला वीज इतकी कमी लागते की एक बटण सेल तिला महिनोन्‌महिने पोसतो. पण वीज क्षणभर जरी पूर्ण तुटली तरी हात सुटतात, आणि कोण चालू होतं याची खूण कुठेच राहत नाही. म्हणून अशा यंत्रात मुख्य सेल आणि राखीव सेल वेगळे असतात आणि ते कधीच एकदम काढायचे नसतात. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते उघडलंच नव्हतं.

तेव्हा भाचीला पहिला प्रश्न दिला तो हाच: वीज गेली तर तुझ्या नोंदी कुठे असतील?

दुसरा प्रश्न मला कॅलिफोर्नियातल्या जेफ हॉकिन्स यांच्याकडून मिळाला. हॉकिन्स यांनी १९९२मध्ये पाम कॉम्प्युटिंग ही कंपनी काढली. तिचं सॉफ्टवेअर असलेलं 'झूमर' हे पहिलं यंत्र १९९३मध्ये आलं आणि पडलं. जड, मंद आणि महाग. पुढचं यंत्र बनवण्याआधी हॉकिन्स यांनी गॅरेजमध्ये शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो घेऊन ते हिंडू लागले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा आणि काडीनं त्यावर टिचक्या मारायच्या, जणू आत तारीख दिसतेच आहे. कुठली गोष्ट दिवसातून किती वेळा लागते आणि ती किती टिचक्यांत समोर यायला हवी, हे त्यांना त्या मुक्या लाकडानं शिकवलं. आपली स्पर्धा दुसऱ्या संगणकांशी नाही, कागदाशी आहे, हे ते ओळखून होते. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. मला तो त्या काळच्या कुठल्याही चिपइतकाच मोलाचा वाटतो.

भाचीनं सनमायकाच्या नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा घेतला आणि आठ दिवस तो पर्समध्ये बाळगला. नोंद करावीशी वाटली की तो काढायचा, आणि आपण कुठे होतो, काय लिहिणार होतो, ते रात्री वहीत टिपायचं. आठवड्याच्या शेवटी चित्र स्पष्ट झालं. बहुतेक नोंदी चार-पाच शब्दांच्या होत्या, आणि बहुतेक वेळा ती उभी होती, एका हातात फाइल धरून.

यानं एक मोठा फाटा निकालात निघाला. अशा यंत्रांची दोन घराणी होती. एक कीबोर्डवाली, दुसरी पडद्यावर काडी टेकवून चालणारी, म्हणजे काडीवाली. कीबोर्डवाल्यांत मला सगळ्यात आवडतं घराणं लंडनच्या सायनचं. डेव्हिड पॉटर यांच्या या कंपनीनं १९८४मध्येच 'ऑर्गनायझर' आणला होता. त्यात नोंदी साठवायच्या डब्या वीज गेल्यावरही शाबूत राहत, मात्र पुसायच्या झाल्या तर अतिनील प्रकाशाखाली धराव्या लागत. १९९७चा 'सीरीज ५' उघडला की त्याचा कीबोर्ड पुढे सरकतो आणि पडदा मागे रेलतो. त्यावर लेख लिहिता येतो, प्रवासात रोजनिशी लिहिता येते. पण त्याला टेबल लागतं, निदान मांडी तरी. फाइल धरून उभं असताना तो कामाचा नाही. बसून लांब लिहिणाऱ्यानं मात्र सायनच शोधावा.

काडीवाल्या यंत्राचा पडदा कसा काम करतो ते पाहण्यासारखं आहे. वरचा थर लवचीक प्लॅस्टिकचा, खालचा काचेचा. दोघांवर वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप, आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके त्यांना अलग ठेवतात. काडी टेकली की वरचा थर दबून खालच्याला चिकटतो. एका थराच्या दोन टोकांना वेगवेगळा विद्युतदाब दिलेला असतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक जागी दाब थोडा थोडा बदलत जातो. स्पर्श झाला तिथे तो किती आहे हे दुसऱ्या थरानं मोजलं की आडवी जागा कळते. मग थरांची अदलाबदल करून उभी. आजच्या फोनला बोटाची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार धरून ठेवायची क्षमता, लागते. या पडद्याला नुसता दाब पुरतो, म्हणून नख चालतं, काडेपेटीतली काडीही चालते. यंत्र सुरुवातीला फुल्यांवर टेकायला सांगतं ते याच मोजमापाचा ताळा जुळवण्यासाठी.

जागा कळली, पण अक्षर ओळखायचं कसं? ॲपलच्या 'न्यूटन' या काडीवाल्या यंत्रानं १९९३मध्ये माणसाचं नैसर्गिक हस्ताक्षर वाचायचा घाट घातला. अडचण अशी की जोडून लिहिलेल्या शब्दात एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हेच यंत्राला कळत नाही. न्यूटन चुकायचा आणि लोक हसायचे. पुढच्या आवृत्त्या खूप सुधारल्या, पण फेब्रुवारी १९९८मध्ये ॲपलनं तो बंद केला.

पामनं प्रश्नच बदलला. त्यांच्या 'ग्राफिटी' लिपीत जवळजवळ प्रत्येक अक्षर काडी न उचलता, एकाच रेषेत लिहायचं. काडी उचलली म्हणजे अक्षर संपलं. रोमन 'ए'ची मधली आडवी रेघ गेली, उरलं छप्पर. 'टी' म्हणजे उजवीकडे जाऊन खाली वळणारी रेघ. आणि अक्षरं एकापुढे एक नाहीत, एकाच चौकोनात एकावर एक लिहायची. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. कुठे तोडायचं हा प्रश्न उरलाच नाही, आणि उरलेलं काम १६ मेगाहर्ट्‌झच्या साध्या चिपला सहज झेपलं. माणूस थोडं शिकेल, असा विश्वास त्यामागे होता.

आपल्याला हे नवं वाटायला नको. मोडी लिपी याच गरजेतून घडली. पानभर शिरोरेषा आधी ओढून ठेवायची, मग तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलत अक्षरं सलग लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सोडून दिला. लिहिणाऱ्याच्या वेगासाठी अक्षरांनी मुरड घातली. बोरू आणि दौत हातात घेतलेल्या कारकुनाला ग्राफिटीचं तत्त्व चटकन पटलं असतं.

आपली देवनागरी मात्र या यंत्रांनी दारातच उभी ठेवली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षरं वेगळीच. एका चौकोनात एकावर एक लिहायची युक्ती इथे तशीच्या तशी लागू पडत नाही. यावर मनापासून काम झालं ते बेंगळुरूत. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर या कंपनीतल्या अभियंत्यांनी 'सिम्प्युटर' आखला आणि २००१मध्ये त्याचे नमुने लोकांसमोर आले. आत लिनक्स ही संगणकप्रणाली, भारतीय भाषांतला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय, आणि स्मार्ट कार्ड, म्हणजे गावात एकच यंत्र असलं तरी प्रत्येकाला आपल्या नोंदी आपल्या कार्डावर ठेवता याव्यात. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला अमिडा सिम्प्युटर मार्च २००४मध्ये विक्रीला आला. अपेक्षेइतका तो खपला नाही, पण प्रश्न योग्य टोकानं धरलेला होता. भाचीला मराठी नावं रोमन अक्षरांतच लिहावी लागणार, हे मी तिला आधीच सांगून टाकलं.

आता विजेचा हिशेब. पामच्या १९९६च्या 'पायलट' या यंत्रामध्ये टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तसले दोन बारीक सेल होते आणि ते काही आठवडे पुरत. अशा अल्कलाइन सेलची क्षमता साधारण १००० मिलिअँपिअर-तास धरू. महिन्याचे ७२० तास. भागाकार केला तर सरासरी प्रवाह येतो जेमतेम १.४ मिलिअँपिअर. साधा लाल एलईडी दिवा याच्या कितीतरी पट खातो. हे जमलं कारण हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं असतं. दोन टिचक्यांच्या मधल्या क्षणांतही चिप डुलकी घेते. पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही. पाठीमागचा परावर्तक खोलीतलाच उजेड परत पाठवतो, म्हणून भर उन्हात तो उलट जास्त स्पष्ट दिसतो. शिवाय हार्ड डिस्क नाही. प्रोग्रॅम स्मृतीत जिथे असतात तिथूनच चालतात, कुठून आणून भरावे लागत नाहीत. बटण दाबलं की यंत्र सोडलं होतं त्याच पानावर, लगेच.

२००० साली आलेल्या आयपॅकसारख्या 'पॉकेट पीसी' म्हणवणाऱ्या काडीवाल्या यंत्रांमध्ये २०६ मेगाहर्ट्‌झची चिप आणि रंगीत पडदा होता. दिसायला देखणे, पण त्यांना सतत चार्जिंग लागे, आणि आत बसवलेली ती बॅटरी आज वीस-पंचवीस वर्षांनी मेलेलीच असणार. सुटे सेल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आज जुनं यंत्र घेणाऱ्यासाठी मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पामचा एक दोषही तिला सांगितला. त्यात राखीव सेल नाही, फक्त एक कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज थोडा वेळ धरून ठेवणारा भाग. सेल बदलायला मिळतो साधारण एक मिनिट. त्यावर पामचं उत्तर होतं संगणकाशी जुळवणी. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि 'बदलली' अशी एक खूण असते. संगणकाला वायरनं जोडलेल्या पाळण्यात, म्हणजे यंत्र ठेवायच्या स्टँडमध्ये, ठेवून बटण दाबलं की फक्त खूण असलेल्या नोंदींची देवाणघेवाण होते, म्हणून काम झटपट उरकतं. एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल तर यंत्र स्वतः निवाडा करत नाही, दोन्ही ठेवतं. अडचण एवढीच की पाळण्याची वायर जुन्या सीरियल पोर्टची आहे, त्यामुळे आजच्या लॅपटॉपला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

आणि एक मुदत. पामच्या तारखेत वर्षासाठी सात बिट, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या सात जागा, आहेत. सात बिटांत ० ते १२७ मावतात आणि मोजणी १९०४पासून सुरू होते. १९०४ अधिक १२७ म्हणजे २०३१. त्यापुढची तारीख या कॅलेंडरला माहीतच नाही. "तोपर्यंत मी पास झालेली असेन," भाची म्हणाली.

शेवटी ठरला १९९८चा पाम थ्री: दोन मेगाबाइट स्मृती, अंधारात लावता येणारा पडद्यामागचा दिवा, सुटे सेल. रविवारी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो, खिशात नवे दोन सेल घेऊन. पहिल्या यंत्राच्या सेलच्या खाचेत गळतीची पांढरी बुरशी होती, ते परत ठेवलं. दुसऱ्याच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. सेल घातले, फुल्यांवर टेकून ताळा जुळला, चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत रेघा नीट उमटल्या. पैसे देऊन झाल्यावर तिनं तिथेच, एका हातात पिशवी धरून, चुकत चुकत पहिली नोंद केली. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी नऊ वाजता: आधी कॉम्प्युटरला जोडणे, मग सेल बदलणे.